कवाडांचं स्टेज

फाट्यावर जीपमधून उतरले तेव्हा ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांवरून खाली यायला लागलं होतं. जीप पुढे अणशीकडे निघून गेली आणि मी पिशवी सावरत शाळेच्या वाटेला लागले. वाट तीच, पण दोन्ही बाजूंनी रान इतकं आत घुसलंय की काट्यातून पदर सोडवत सोडवत चालावं लागलं. काय म्हणावं ह्याला! ज्या वाटेवरून आम्ही डोळे मिटून धावत होतो तिथे मला पाय कुठे टाकावा ते कळेना. बेळगावात लग्न होऊन गेल्यापासून माझं येणं वर्षातून कधीतरी, तेही बाबाला बघायला. ह्या खेपेला निरोप शाळेतल्या बाईंचा होता. शाळा बंद होणार होती. मुलंच उरली नाहीत तर करणार काय? बंद व्हायच्या आधी शेवटचं एक गॅदरिंग करू या, गाव सोडून गेलेल्यांनाही बोलावू या आणि जुन्या पद्धतीनं करू या, असं बाईंनी सगळ्यांना कळवलं होतं.

पटांगणात कुणी नव्हतं. ताज्या शेणानं सारवलेली जमीन अजून ओली होती. कडेला भाताचं गवत रचून ठेवलेलं, त्याचा गोडसर वास येत होता, आणि मधोमध चिरे मांडून तयार होते. चिऱ्यांवर अजून काही नव्हतं. मी त्यातल्याच एका चिऱ्यावर टेकले. शेण, गवत आणि थंडीतल्या चुलींचा धूर एकदम नाकात गेला की मला अजून वाटतं, आता आपलं नाव पुकारणार. पन्नाशी उलटली तरी वाटतं. हसा खुशाल.

आता बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्या गॅदरिंगचं स्टेज कवाडांचं असायचं. घराघराची दारं उतरवून आणायची, चिऱ्यांवर आडवी मांडायची, की झालं स्टेज. जंगलात राहून आमच्याकडे फळी नव्हती, ही आमची गंमत. चहूकडे साग, किंदळ, मत्ती. पण फांदी तोडली तरी गार्ड दारात येऊन उभा. गावात कापीव लाकूड म्हणजे काय ती घरांची कवाडंच, आजोबा-पणजोबांच्या काळातली. त्यांना बिजागऱ्याही नव्हत्या. खाली दगडात खोबण, वर चौकटीत भोक. कवाड जरा उचलून तिरकं केलं की हातात यायचं. गॅदरिंगच्या सकाळी बाप्ये ती डोक्यावर घेऊन धुक्यातून शाळेकडे यायचे आणि मग दिवसभर गावात एकाही घराला दार नसायचं. चोराची भीती नव्हती, चोरायला होतं काय? भीती माकडांची आणि मोकाट गुरांची. म्हणून घरोघरी एकेक म्हातारी काठी देऊन उंबऱ्यावर बसवलेली असायची, आणि त्या म्हाताऱ्या लांबून कर्ण्यावरचं गॅदरिंग ऐकत गावाला शिव्या घालायच्या.

त्यामुळेच आमचं गॅदरिंग दिवसाउजेडी. बाकी गावांत नाटकं रात्रीची, आमची सकाळच्या पेजेपासून उन्हं कलेपर्यंत. अंधारायच्या आत कवाडं चौकटीत बसायला हवीत, अस्वल काही गॅदरिंग आहे म्हणून थांबत नाही. आमचे गुरुजी खानापूरकडचे, उंच, आवाजानं जबरे. ते घड्याळाकडे बघत नसत, सावलीकडे बघत. शाळेच्या आंब्याची सावली विहिरीला लागली की राजा मेलेला असो नाहीतर जिवंत असो, पडदा. "आटपा रे, कवाडं लावायची हायत!" असं ते लुगड्यांच्या पडद्यामागून ओरडायचे. एका वर्षी राजाला मरायला वेळच मिळाला नाही. तो तसाच उठला आणि मुकुटासकट स्वतःचं कवाड डोक्यावर घेऊन घरी गेला.

तालमी सुगी उरकली की सुरू व्हायच्या. दुपारी शाळेच्या पडवीत गुरुजी पेटी घेऊन बसायचे. तिचा एक सूर मुका होता, तो आला की आम्ही सगळ्या तोंडानं भरून काढायचो. मराठी गाणी, एखादं कानडी, मधेच कुणीतरी कोकणी ओवी घुसडायचं, आणि त्यात वेगळं असं काही आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रंगरंगोटीला गेरू, चुना आणि काजळ. राणीच्या ओठांना कुंकू खोबरेल तेलात कालवून. ते जिभेवर यायचं आणि दिवसभर सगळं कडू लागायचं. मधल्या सुटीत उकडलेली कणगं मिळायची. हा आमच्याकडचा कंद, वरून मीठ-मिरची. त्याची वाफ तोंडात फिरवत आम्ही संवाद पाठ करायचो. आता बेळगावच्या बाजारात कधी कणगं दिसली तर मी घेत नाही. घरी आणून उकडली तर तशी लागणार नाहीत आणि मग उगीच जीव खाली-वर.

त्या कवाडांवर नाचायची मजा ज्यानं केली त्यालाच ठाऊक. प्रत्येक कवाडाचा आवाज वेगळा. कुणाचं खणखणीत, कुणाचं आतून किडलेलं, भद्द वाजणारं. ज्यांच्या कवाडाचा आवाज भद्द यायचा त्यांची पोरं पुढे कितीतरी दिवस मान खाली घालून फिरायची. आता पाय कुणाच्या घरावर पडला ते आम्ही खाली न बघता सांगायचो. वासही वेगळे. नाटकात मेल्याचं सोंग घेऊन पालथं पडलं की ते अख्खं घर नाकाशी यायचं. चुलीचा धूर, हळदीकुंकवाचे बोटांचे ठसे, कुणाकडची सुकी मासळी. मी एकदा प्रधान होऊन मेले ती नेमकी मासळीवाल्या कवाडावर. मेलेल्या प्रधानाला सटासट शिंका! तेव्हापासून गुरुजींनी मला झाडाचं काम दिलं.

पण माझं खरं काम फुगडीचं होतं, आणि तिथेच सगळं अडत होतं. कारण माझी जोडीदारीण शेवंती. शेवंती म्हणजे माझ्या काकाची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची. काका बाबाचा सख्खा धाकटा भाऊ. आमची घरं मधल्या एकाच भिंतीला लागून शेजारी शेजारी उभी, पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून, ते मला आजही माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होतं ती माणसं गेली. मला आठवतं ते एवढंच की एका दिवशी शाळेतून आले तर अंगणात मधोमध काटेरी कुंपण घातलेलं, आणि आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "शेवंतीसंगं आजपास्नं बोलायचं न्हाई." पाठ फिरवून बोलली, म्हणजे तिलाही ते बरं वाटत नव्हतं.

गुरुजींनी असली भानगड शाळेत चालू दिली नाही. "भांडण तुमच्या थोरल्यांचं. फुगडी माझी," म्हणाले आणि आमचे हात एकमेकींच्या हातात दिले. मग आम्ही गरगर फिरायचो, हात घट्ट धरून, तोंडं मिटून. बोलायचं नव्हतं ना! शेवंतीचे तळवे गरम आणि जरा खरखरीत, ती भांडी घासायची राखेनं. फुगडी थांबली की ती खाली बघत आपल्या बाजूला जायची आणि मी माझ्या. वर्षभर मी त्या फुगडीची वाट बघायची, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते. फार वाट बघायची.

आणि ती फुगडी नेहमी एकाच जागी व्हायची, आमच्या दोन घरांच्या कवाडांवर. फार पूर्वी परसातला फणस वादळात पडला होता, त्याची आजोबांनी दोन कवाडं करून घेतली होती, एक थोरल्याच्या खोलीला, एक धाकट्याच्या. जाडी अगदी सारखी. म्हणून गुरुजी ती शेजारी शेजारी मांडायचे, पोरींचा पाय अडखळू नये म्हणून. वर्षभरात दोन घरांचं एकमेकाला काही लागायचं ते तेवढंच.

एका वर्षी ती कवाडं बदलली. त्यात दुष्टावा कुणाचाच नव्हता, आमच्या बायकांची जास्तीची भक्ती मात्र नडली. कवाड म्हणजे लक्ष्मीची जागा. त्यावर दिवसभर पाय पडले, तर ते धुऊनच घरी न्यायला हवं. गुरुजी प्रत्येक कवाडाच्या पाठीला कोळशानं खूण करून ठेवत. त्या वर्षी बायकांनी हौसेनं पुढची बाजू धुतली, मग पाठही धुतली, हळदीचं पाणी शिंपडलं, आणि खुणा गेल्या वाहून. तरण्या पोरांनी पटापट कवाडं उचलून घराघरांत पोचवली. आमचं काकाकडे गेलं, काकाचं आमच्याकडे आलं. लाकूड एक, रंग एक, कळणार कसं? कळलं ते लावल्यावर. आमच्या चौकटीत ते कवाड बोटभर आखूड पडलं, खालून फट राहिली. काकाकडे आमचं कवाड जमिनीला घासायला लागलं. भिंतीपलीकडून तो खर्र आवाज आला तसा बाबानं हातातला तांब्या खाली ठेवला. दोन्ही घरांना त्याच वेळी समजलं काय झालंय ते.

आता चार पावलांवर जायचं आणि अदलाबदल करायची, एवढंच. पण कुणी जायचं? आई म्हणाली, "जावा की. तुमचंच हाय न्हवं?" बाबा म्हणाला, "त्येनं का येऊ नये?" भिंतीपलीकडेही हेच चाललं असणार. त्या थंडीत आई रोज संध्याकाळी फटीत गोणपाट कोंबायची आणि कोंबता कोंबता पुटपुटायची, "दोगं बी गाढवं हायत, दोगं बी."

पुढच्या गॅदरिंगला सगळं गाव बघत होतं. कवाडं पुन्हा शेजारी शेजारी मांडली, आमची फुगडी झाली, आंब्याची सावली विहिरीला लागली. गुरुजी मुद्दाम स्टेजपाशी येऊन उभे राहिले. "आता तरी ज्याचं त्यानं न्या रे," म्हणाले. काका उजवीकडे उभा, बाबा डावीकडे. बाबानं वाकून जे कवाड उचललं ते काकाचंच, तेच आखूड. काकानं आमचं उचललं. एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. आणि त्यानंतर दर वर्षी असंच. गावाला आधी हसू यायचं, मग सवय झाली. मला मात्र दर वर्षी वाटायचं, ह्या खेपेला बोलतील. हाताला हात लागण्याइतके जवळ उभे असायचे दोघे. एकदा बाबानं घसा खाकरला होता, मला आठवतं. नुसता खाकरला.

बायका त्यातल्या त्यात बऱ्या. गुरुजी दुपारी बायकांना अक्षरं शिकवायचे, आणि गॅदरिंगला त्या एकेक करून स्टेजवर येऊन फळ्यावर स्वतःचं नाव लिहायच्या. आईची पाळी आली. तिनं खडू इतका दाबून धरला की तो मोडला, आणि तुकडा उडून खाली माणसांत पडला. नाव अर्धंच झालेलं. आई तशीच फळ्याकडे तोंड करून उभी, मान लालबुंद. तेव्हा बायकांतून काकू उठली, काकाची बायको. तिनं तो तुकडा हुडकला, पदरानं पुसला, स्टेजवर चढून आईच्या हातात दिला आणि परत जाऊन बसली. आईनं नाव पुरं केलं. घरी आल्यावर ती कितीतरी वेळ परसात भांडी घासत होती, घासलेलीच. आता दोघीही नाहीत. त्यांचं तरी आत कुठेतरी मिटलं असावं, असं मी धरून चालते.

मग गाव सुटायला लागलं. वाघांचं जंगल, इथून बाहेर पडा, बाहेर जागा देतो, अशी बोलणी बरीच वर्षं चालली होती. कुणी रडत गेलं, कुणी खुशीनं. त्यांना का दोष द्यायचा, दवाखाना लांब, पावसाळ्यात नाल्याला पूर, पोरीबाळी घेऊन माणसानं करायचं काय? घर रिकामं झालं की एका पावसात भिंती खाली बसायच्या आणि दुसऱ्या पावसात तिथे रान. गॅदरिंगचं स्टेज दर वर्षी एकेका कवाडानं लहान होत गेलं. नाटक बंद झालं, कारण राजाला सिंहासन ठेवायला जागा उरेना. मग नुसती गाणी आणि भाषणं. गुरुजी बदलून गेले, मग गेलेच. शेवंती लग्न होऊन गोव्याला गेली. मला तिची खबर मिळते ती तिसऱ्याकडून.

काकाचं घरही शेवटी रामनगरकडे गेलं. त्याच्या मुलानं ठरवलं, म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय! टेंपोत सामान चढवलं आणि सगळ्यांत शेवटी कवाड उतरवून वर बांधलं. म्हणजे आमचं. मी तेव्हा योगायोगानं आलेली होते. बाबा आमच्या अंगणात उभा राहून बघत होता. टेंपो सुरू झाला तसा काकानं मागे वळून बघितलं, आणि बाबानं बघितलं अंगणातल्या आंब्याकडे. टेंपो वळणाआड गेल्यावर बाबा मला म्हणाला, "गेला व्हय?" समोर दिसत होतं, तरी विचारत होता! मी म्हटलं, "गेला." माझ्या मनात आलं की आता संपलं, आता ह्या जन्मात ही दोन माणसं बोलत नाहीत.

त्याच पावसाळ्यात बाबाला ताप आला आणि तापानं कान नेले. आधी डावा, मग उजवा. यंत्र आणलं, ते त्यानं काढून फडताळात टाकलं. आता त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, तेव्हा कुठे चार शब्द आत जातात. काकाला हे कळवणार कोण? आणि काय म्हणून कळवणार?

तर मी चिऱ्यावर बसले होते. हळूहळू माणसं यायला लागली. उरलेल्या घरांची कवाडं आली, आमच्याकडच्या कवाडाबरोबर बाबाही आला, पण ती मांडली तर स्टेज कसलं, ओटासुद्धा होईना. पोरी कडेला नटून उभ्या, थंडीनं कुडकुडत. बाई काळजीत. त्या तरुण आहेत, धारवाडकडच्या, मराठी बोलताना अडखळतात पण जीव लावून शिकवलं त्यांनी. "जोयड्याहून भाड्यानं फळ्या मागवायला पाहिजे होत्या मी," म्हणाल्या. तेवढ्यात नाल्याच्या बाजूनं टेंपोचा आवाज आला. टेंपोच्या टपावर आडवं कवाड बांधलेलं, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी काका. वाळून काडी झालेला.

बाबानं आधी कवाड ओळखलं, मग काकाला. दोघांनी मिळून ते टपावरून उतरवलं. होय, दोघांनी मिळून! एका बाजूला हा, एका बाजूला तो. कवाडं शेजारी शेजारी मांडली. बाबाकडची बाजू डुगडुगायला लागली तसा काका गुडघ्यावर बसला, एक चपटा दगड हुडकून त्यानं खाली सरकवला, हातानं दाबून बघितलं. बाबानं मान हलवली, बसलं म्हणून. मी पोरींच्या साड्यांना पिना लावत होते, पण डोळे सगळे तिकडे. एका पोरीला पीन टोचली. ती म्हणाली, "आत्ती, हळू की." मी म्हटलं, "गप गं बाय, जरा बघू दे."

कार्यक्रम छान झाला. छान म्हणजे काय, चार पोरी नाचल्या, एकानं कानडीत पाढे म्हटले, एकीनं मराठीत कविता म्हटली आणि मधे विसरली. गाव सोडून गेलेली माणसं गवतावर बसून डोळे पुसत होती. मग बाईंनी सत्काराला नावं पुकारली, इतकी वर्षं स्टेजला कवाडं देणारे थोरले म्हणून बाबा आणि काका. बाईंना त्यांची भाऊबंदकी काही माहीत नव्हती. दोघांच्या खांद्यावर शाली घातल्या, हातात नारळ दिले आणि काकापुढे माइक धरला. "दोन शब्द बोला."

मी लुगड्यांच्या पडद्यामागे होते. मला दिसत नव्हतं, नुसतं कर्ण्यातून ऐकू आलं. आधी श्वास. मग काकाचा आवाज, बारीक, घोगरा.

"अण्णा, मला तुज्यासंगं बोलायचं हाय. लई वरसांचं हाय. बोलू काय?"

मी पडदा बाजूला केला. काका माणसांकडे बघतच नव्हता, बाबाकडे वळून उभा होता, माइक तोंडाशी विसरून. आणि बाबाच्या लेखी ते भाषण चाललं होतं. माणसं गप्प झालेली बघून त्याला वाटलं, संपलं. त्यानं नारळ काखेत धरला, लोकांना हात जोडले आणि तो खाली उतरला. बाईंनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी वाजवल्या, कुणीतरी पुढचं गाणं लावलं.

ह्या माणसाला ऐकू येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकाला ते सांगायला हवं, हे मात्र कुणाच्या डोक्यात येईना. काका दुसऱ्या बाजूनं उतरला, शाल खांद्यावरून काढून गवतावर ठेवली आणि टेंपोकडे गेला. ड्रायव्हर आधीपासूनच "होत्तायतु, उशीर झाला, जंगलाचं गेट बंद करतात" म्हणून गडबड करत होता. मी धावले. पोरं मधे, माणसं मधे, माझं हे वजन! नाल्यापाशी पोचले तेव्हा टेंपो वर चढून गेला होता. मी हाका मारल्या. धूळ तेवढी आली.

परत आले तर बाबा गवतावर बसून नारळाची शेंडी सोलत होता. मी त्याच्या कानाशी वाकले आणि ओरडले. काका काय म्हणाला ते शब्दन् शब्द ओरडले. अख्खं पटांगण ऐकत होतं, बाई तोंडावर हात ठेवून उभ्या. बाबानं नारळ खाली ठेवला.

"भाषन करत हुता न्हवं त्यो?"

"नाही! तुला विचारत होता! बोलू काय म्हणून!"

"मला? अण्णा म्हनला?"

"अण्णा म्हणाला!"

"आनी मी उतारलो?"

मी मान हलवली. ओरडवेना मला ते. बाबा उठला, नाल्याकडे दोन पावलं गेला, थांबला, परत आला. अंधारेपर्यंत तो थोड्या थोड्या वेळानं मला विचारत होता, अण्णा म्हनला काय खरंच. मी दर वेळी ओरडून हो म्हणत होते. कवाडं कुणी उचलली, कुणाची कुठे गेली, मी बघितलं नाही, त्यानंही नाही. रामनगरला फोन लावावा तर रेंज टेकाडावर, आणि टेकाडावर गेले तर काकाच्या मुलाचा फोन बंद.

सकाळच्या पहिल्या जीपनं आम्ही निघालो. जोयड्याला बस पकडली. बाबानं धुतलेला सदरा घातला होता आणि वाटभर खिडकीच्या गजाला धरून ताठ बसला होता. काय बोलायचं ते जुळवत असावा, ओठ हलत होते.

काकाचं घर सिमेंटचं, रांगेतलं, पुढे बारका कट्टा. काका कट्ट्यावरच बसला होता. बाबाला बघून तो उठला नाही, उठवलं नसेल त्याला. बाबा जाऊन त्याच्या शेजारी टेकला. आणि बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही तसा मोठ्यानं, धाकट्या भावाला मारायच्या जुन्या हाकेनं म्हणाला, "तमा, कान गेलं रं माजं. काल मला कायबी आयकू आलं न्हाई. आता बोल. ही सांगंल मला कानात."

काकानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, खरं आहे म्हणून. त्याचा चेहरा आधी सैल झाला, इतका सैल की मला वाटलं हा आता हसणार. मग त्यानं बाबाचा हात आपल्या हातात घेतला. आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावायला लागली होती. सून आतून आली, शेजारची पोरं कट्ट्यापाशी जमली. काका बाबाच्या कानाकडे झुकला, अगदी जवळ, आणि हळूच काहीतरी बोलला. बाबानं भुवया वर करून मला विचारलं, काय?

मलाही ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, जरा मोठ्यानं. नाहीतर मला सांग, मी सांगते त्याला."

काकानं त्या पोरांकडे बघितलं, दारांतल्या माणसांकडे बघितलं, बाबाकडे बघितलं.

"ऱ्हाऊ दे, बाळ," तो मला म्हणाला. "वरडून सांगायसारकं न्हाई ते."

बाबा माझा दंड हलवायला लागला. "काय म्हनला? आगं, काय म्हनला त्यो?"

मी बाबाच्या कानाशी वाकले आणि जीव तोडून ओरडले, "चहा घे म्हणतोय!"

"घेतो की," बाबा म्हणाला. "सांग त्येला, घेतो म्हनावं."